या वर्षी कप, बाकीचं पुढच्या वर्षी

मे महिन्यात मन्नाएखेळ्ळीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा, गणिताची शिकवणी फुकट मिळते. "चेन्नई हरली पाहिजे, पण नुसती हरून भागायचं नाही. आपली पहिली बॅटिंग आली तर अठरा रननी, दुसरी आली तर अठरा ओव्हर एक बॉलच्या आत. आणि पाऊस पडला तर मात्र बोंबला." हे सगळं तोंडी. हातात कागद नाही, पेन नाही, असलाच तर अर्धा कप चहा. २०२५ च्या दहावीच्या निकालात शेजारचा कलबुर्गी जिल्हा कर्नाटकात तळाला होता, निम्मी पोरंसुद्धा पास झाली नव्हती. पण नेट रन रेट विचारा, दशांश चिन्हाच्या पुढचे तीन आकडे थडाथड येतील. शिक्षण खात्यानं एखाद वर्षी गणिताचा पेपर आरसीबीवर, म्हणजे आयपीएलमधल्या बेंगळुरूच्या क्रिकेट संघावर, काढून बघावा. निकाल काय लागायचा तो लागो, हजेरी शंभर टक्के राहील.

आता हे गाव कुठं आहे ते सांगायला हवं, म्हणजे गंमत कळेल. हैदराबाद-सोलापूर महामार्गावर एका अंगाला जहिराबाद, दुसऱ्या अंगाला हुमनाबाद, मध्ये मन्नाएखेळ्ळी. जिल्हा बिदर, हद्दीला कलबुर्गी. मोठा दवाखाना म्हटला की हैदराबाद, लग्नाचा बस्ता म्हटला की हैदराबाद किंवा सोलापूर, पोरगं शिकायला पुण्याला, एखादा मामा मुंबईला. बेंगळुरूला जायचं तर रात्र बसमध्ये काढायची आणि सकाळी अंग मोडून उतरायचं. तिथं काम असतं ते एकाच प्रकारचं, साहेबाच्या सहीचं. घरात मराठी, बाजारात कन्नड, रिक्षात दखनी, आणि महामार्गावर तेलुगूतला हॉर्न. अशा गावानं उमेद ठेवायची तर ती कुणावर? पाच वेळा कप नेणाऱ्या मुंबईवर ठेवता आली असती. हाकेच्या अंतरावरच्या हैदराबादवर तर आणखी सोपं. पण नाही. उमेद सगळी त्या रात्रभराच्या बसनं बेंगळुरूला जाते.

आणि हैदराबादनं या उमेदीचं काय केलं, तेही बघा. २००९ ची फायनल, जोहान्सबर्ग. समोर हैदराबादचा डेक्कन चार्जर्स. अनिल कुंबळेनं १६ धावांत चार बळी घेतले, १४४ करायचे होते, आणि आपण सहा धावांनी कमी पडलो. मग २०१६. फायनल चक्क बेंगळुरूत, चिन्नास्वामीवर. विराट कोहलीनं त्या हंगामात ९७३ धावा केल्या होत्या, चार शतकांसह. समोर पुन्हा हैदराबादच, नव्या संघाच्या रूपात आलेलं, सनरायझर्स. शेन वॉटसनच्या चार षटकांत ६१ धावा गेल्या आणि त्यांचे २०८ झाले. तरी गेल आणि कोहलीनं साडेदहा षटकांत ११४ केले, एकही गडी न गमावता. इथं टपरीवर लोकांनी फटाक्यांच्या माळा उलगडून ठेवल्या होत्या म्हणतात. हरलो आठ धावांनी. मधे २०११ ची फायनल चेन्नईकडे गेली ती ५८ धावांनी, पण त्याचं दुःख एवढं नाही. लांबच्यानं मारलं तर माणूस विसरतो. शेजाऱ्यानं दोनदा मारलं आणि वर तोच शेजारी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात माल उतरवायला येऊन "क्या हुआ रे तुमारा कप?" विचारतो, हे विसरायचं कसं?

तरी उमेद जात नाही. इथल्या आरसीबीवाल्याला हरवणं अवघड आहे, कारण त्याचा संघ हरतो, तो हरत नाही. आठपैकी सात सामने गेले तर म्हणतो, आता दबाव उतरला. पहिले चार जिंकले तर म्हणतो, यंदा लक्षणं वेगळी. २०१७ मध्ये कोलकात्याला अख्खा संघ ४९ धावांत आटोपला, तेव्हा एकानं सांगितलं होतं, "वाईट दिवस एकदाच काय ते येऊन गेले, बरं झालं." त्या वर्षी संघ शेवटचा आला. २०१९ मध्येही शेवटचाच. वाईट दिवसांना ही गोष्ट कुणी कळवली नव्हती. आणि सगळ्यावर उतारा म्हणजे ती घोषणा, 'ई साला कप नमदे', या वर्षी कप आपलाच. ती मराठी घरातलं, उर्दू घरातलं, तेलुगू घरातलं पोरगं एकाच स्वरात ओरडतं. राजभाषेच्या प्रसारासाठी सरकारनं आजवर काय काय केलं असेल, पण या चार शब्दांइतकं काही पोचलेलं नाही. २०२३ मध्ये कप्तान फाफ ड्यू प्लेसीनं मात्र कॅमेऱ्यासमोर घोटाळा करून 'ई साला कप नही' म्हणून टाकलं आणि शेजारी कोहली हसून हसून लोळला. दक्षिण आफ्रिकेचा सरळ माणूस, चुकून खरं बोलून गेला. त्या साली प्ले-ऑफलासुद्धा पोचलो नाही.

टपरीवरचा एक संवाद सांगतो, दर वर्षी होतो, पात्रं तेवढी बदलतात.

"काका, यंदा शंभर टक्के आपलाच बघा."

"गेल्या साली पण हेच म्हणलालतास की रे."

"गेल्या साली नव्व्याण्णव म्हणलालतो."

आता खरी मजा प्ले-ऑफच्या दारातली. २०२४ चा हंगाम घ्या. आठ सामन्यांत एक विजय. एवढ्यावर शहाण्या माणसानं टीव्ही बंद करून झोपावं. मग हे लोक ओळीनं पाच सामने जिंकले आणि १८ मेच्या रात्री चेन्नईसमोर उभे राहिले. तेच ते अठरा धावांचं गणित. आपले २१८ झाले. चेन्नईला जिंकायची गरजच नव्हती, २०१ केले तरी त्यांचं तिकीट पक्कं. म्हणजे हरूनही त्यांचं भागणार आणि जिंकूनही आपलं भागेल असं नाही! शेवटच्या षटकात त्यांना सतरा हव्या होत्या. चेंडू यश दयालच्या हातात. याच दयालला वर्षापूर्वी रिंकू सिंगनं शेवटच्या षटकात ओळीनं पाच षटकार मारले होते. पहिला चेंडू, धोनीनं स्टेडियमच्या बाहेर भिरकावला. टपरीवर शांतता. पुढच्या चेंडूला धोनी झेलबाद. दयालनं त्या षटकात सातच दिल्या आणि आपण २७ धावांनी जिंकलो. नंतर गावभर जो सिद्धांत निघाला तो ऐकण्यासारखा आहे. पावसानं चेंडू ओला झाला होता, धोनीनं तो बाहेर घालवला म्हणून कोरडा चेंडू मिळाला, म्हणून दयालला पकड आली, म्हणून धोनी बाद. थोडक्यात, धोनीनं जो षटकार मारला तोसुद्धा आपल्यासाठीच. एवढी श्रद्धा असल्यावर देवाला वेगळं काम उरत नाही.

त्या रात्री महामार्गावर गाड्या अडवून पेढे वाटले गेले. हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांना वाटलं असेल, यांनी कप जिंकला. जिंकला होता चौथा क्रमांक. चार दिवसांनी अहमदाबादला राजस्थाननं चार गडी राखून घरी पाठवलं. पेढे घेतलेल्यांपैकी कुणी परत करायला आलं नाही, ही इथली माणुसकी.

एक बारीक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ज्यांनी ती भोगली त्यांनाच कळेल. टपरीच्या एका बाजूला केबलचा टीव्ही, दुसऱ्या बाजूला मोबाइलच्या दुकानात फोनवर चाललेली मॅच. फोन टीव्हीच्या मागं, कधी वीस सेकंद, कधी अर्धं मिनिट. टीव्हीसमोरचे ओरडले की फोनसमोरच्यांचे चेहरे बघायचे. यांच्या फोनवर अजून बोलर धावायला लागतोय आणि तिकडं "आयोऽ" झालंय. विकेट पडली हे कळलंय, कुणाची हे कळलेलं नाही, आणि तरी हे लोक पडद्याकडं डोळे लावून बसतात. मधल्या वीस सेकंदांत काहीतरी बदलेल म्हणून! आरसीबीची आस म्हणजे काय हे मला तिथं कळलं.

कप म्हणाल तर तो पुरुषांच्या आधी बायकांनी आणला. १७ मार्च २०२४, दिल्ली, महिला प्रीमियर लीगची फायनल. कप्तान सांगलीची स्मृती मानधना, आणि १२ धावांत चार बळी घेऊन दिल्लीला गुंडाळणारी श्रेयंका पाटील, जिचं घराणं कलबुर्गी जिल्ह्यातलं. सांगली आणि कलबुर्गी! इथल्या माणसाला याहून जवळचं काय हवं? सोळा वर्षं कप्तान बदलले, प्रशिक्षक बदलले, जर्सीचा रंग बदलला, २०२४ मध्ये 'बँगलोर'चं 'बेंगळुरू' करून संघाचं नावसुद्धा बदललं, आणि पोरींनी दुसऱ्याच हंगामात काम उरकलं. टपरीवर आनंद झाला, नाही असं नाही. पण लगेच एकानं पुस्ती जोडली, "आता पायगुण लागतोय बघा, आपल्या पोरांना." म्हणजे पोरींनी कप जिंकला तो पोरांसाठी शकुन म्हणून.

याहून जास्त झोंबणारी एक गोष्ट आहे, ती कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या महाराजा ट्रॉफीत कप कुणी नेला? गुलबर्गा मिस्टिक्सनं. फायनलमध्ये कुणाला हरवलं? बेंगळुरूला. म्हणजे आपल्या भागाचं नाव लावलेल्या संघानं राजधानीच्या संघाला, राजधानीच्याच मैदानावर, पहिल्याच वर्षी. मन्नाएखेळ्ळीत त्या रात्री एक टिकलीसुद्धा फुटली नाही. विचारा कुणालाही, "हो का? कधी झालं हे?" म्हणतील. त्या स्पर्धेचे सामने म्हैसूर-बेंगळुरूत; गुलबर्ग्याच्या संघाला गुलबर्ग्याचं मैदान नाही. संघ आपल्या नावाचा, खेळणार तिकडं, बघणार तिकडचे, जिंकला तरी बातमी आपल्याकडं बसनं येणार. कल्याण कर्नाटकाला घटनेच्या ३७१ (जे) कलमानं खास दर्जा मिळाला, २०१९ मध्ये 'हैदराबाद-कर्नाटक' पुसून 'कल्याण' हे नाव मिळालं. नाव द्यायला कुणाचीच ना नसते. रायचूरचा मनोज भांडगे आरसीबीत होता, तोही बहुतेक वेळ बाकावर. आणि आपण? आपण बाकावर बसलेल्याचं नाव घेत नाही, सलामीला येणाऱ्या दिल्लीकराच्या नावानं नवस बोलतो.

नवसाचं तर विचारूच नका. हुमनाबादचा वीरभद्रेश्वर, माणिकनगरचे माणिकप्रभू, बिदरचा झरणी नरसिंह, जिथं छातीभर पाण्यातून चालत जाऊन दर्शन घ्यावं लागतं. पोराला नोकरी लागू दे म्हणून जो बाप पाण्यात उतरतो, त्याच्याच मागं पोरगं उतरतं, ते पात्रतेच्या सामन्यासाठी. दोघांची उमेद एकाच पाण्यात भिजते. माणिकप्रभूंच्या संस्थानात पहिल्यापासून हिंदू-मुसलमान दोघेही येतात. आरसीबीनं एवढं तरी केलं की मेच्या रात्री टपरीवर कुणी कुणाची जात-भाषा विचारत नाही. विचारायचं ते एकच, "किती पाहिजेत?"

मग आलं २०२५. कोहलीच्या पाठीवर अठरा, हंगाम अठरावा, आणि फायनलची तारीख ३-६-२०२५. बेरीज करा, अठराच येते. हे गणित गावात आधी कुणी मांडलं यावर अजून वाद आहे. फायनल खरं तर २५ मेला कोलकात्यात होती. भारत-पाकिस्तान लढाई पेटली, स्पर्धा आठवडाभर थांबली, म्हणून सामना अहमदाबादला आणि तारीख जूनमध्ये गेली. तिकडं तोफा धडाडल्या आणि इकडं बेरीज जुळली. श्रेय अंकशास्त्राला! फायनलच्या आधी लखनौसमोर २२८ चा पाठलाग करताना अमरावतीच्या जितेश शर्मानं ३३ चेंडूंत ८५ ठोकले, तेव्हापासून टपरीवरच्या मराठी माणसांचा आवाज जरा वाढला होता. "आमचा वऱ्हाडी हाय त्यो." मुंबईवाला आमचा नाही, वऱ्हाडी आमचा, हे नातं त्या रात्री पहिल्यांदा कळलं. तीन जूनला आपले १९० झाले. कृणाल पंड्यानं चार षटकांत १७ देऊन दोन घेतले आणि पंजाबची मान आवळली. शेवटच्या षटकात त्यांना २९ हव्या होत्या. हेझलवूडचे पहिले दोन चेंडू निर्धाव. संपलं. कोहलीच्या डोळ्यांत तिथंच पाणी. पुढच्या चार चेंडूंवर शशांक सिंगनं सहा, चार, सहा, सहा मारले, पण तोवर टपरीवर कुणी बघत नव्हतं. जिंकलो सहा धावांनी. २००९ मध्ये हरलो होतो तेही सहानंच. सोळा वर्षांचा हिशेब व्याजाशिवाय फिटला.

दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, चिन्नास्वामीच्या दारात चेंगराचेंगरी झाली. अकरा माणसं गेली. बहुतेक तरुण. अठरा वर्षं धीर धरलेल्या लोकांना संयोजकांनी आणि सरकारनं चोवीस तासांचा धीर धरू दिला नाही. विधानसौधच्या पायऱ्यांवर खेळाडूंबरोबर फोटो त्याच दिवशी हवा होता. बाहेर माणसं पडत होती आणि आत मैदानावर सत्कार चालू होता. पोलीस आयुक्त निलंबित झाले, चौकशी बसली, भरपाई जाहीर झाली आणि मागाहून वाढवली गेली. त्या दिवशी संध्याकाळी मन्नाएखेळ्ळीतला एक म्हातारा एवढंच म्हणाला, "आपली पोरं लांब हायत म्हणून वाचली." लांब असण्याचा फायदा या भागाला झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या कपानंतर एक वेगळीच पंचाईत झाली. अठरा वर्षांची सवय, आता उमेद ठेवायची कशाची? कप मिळाल्यावर आठ-दहा दिवस आरसीबीवाले बेरोजगार दिसत होते. चेष्टा करणारे त्याहून जास्त. मुंबईवाल्या मामाचे तर विनोदच संपले. दर मे महिन्यात फोन करून "काय, ई साला?" विचारायचा, त्याला आता भाच्याशी बोलायला विषय नाही. शेवटी एकानं तोड काढली, "एकानं काय होतंय, मुंबईकडं पाच हायत." हायसं वाटलं. धंदा पुन्हा सुरू झाला.

आणि तसं बघितलं तर थांबण्याच्या शर्यतीत आरसीबी फारच कच्ची. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचा एक संघ आहे, टोरंटोचा मेपल लीफ्स. त्यानं स्टॅन्ले कप शेवटचा जिंकला तो मे १९६७ मध्ये. नंतर त्या शहरात मराठी माणसं जाऊन राहिली, त्यांना पोरं झाली, पोरं निळी जर्सी घालून प्ले-ऑफ बघायला लागली, त्यांनाही पोरं झाली. कप नाही. २०१३ मध्ये बॉस्टनविरुद्ध निर्णायक सातवा सामना, ४-१ अशी आघाडी, संपायला जेमतेम अकरा मिनिटं. हरले. पुढच्या वर्षी जर्सी तीच, घोषणा तीच. त्यातल्या एखाद्यानं मन्नाएखेळ्ळीच्या टपरीवर येऊन बसावं, दुभाषा लागायचा नाही.

आणि १९६७ म्हणताच इथल्या जुन्या माणसाच्या कानात दुसरंच काही वाजतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. सीमाभाग कुणाचा याचा निकाल. महाराष्ट्रानं तो मानला नाही, कर्नाटक त्यातलं अक्षर बदलू द्यायला तयार नाही. बेळगाव, निपाणी, कारवारच्या मागोमाग बिदर-भालकीचं नाव घोषणेत आजही येतं, शेवटी का होईना. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, म्हणजे आरसीबी जन्माला यायच्या चार वर्षं आधी. आरसीबीनं २०२५ पर्यंत चार फायनल खेळल्या, तीन हरल्या, एक जिंकली. दाव्याचा अजून नाणेफेकीवरच वाद आहे, म्हणजे हा सामना या मैदानात चालवायचा की नाही! बिदर-कलबुर्गी रेल्वे नव्वदच्या दशकात मंजूर झाली, ती २०१७ च्या ऑक्टोबरात धावली. आमच्याकडं वीस वर्षं म्हणजे वेळेत.

म्हणून मला त्या टपरीवरच्या पोरांची गंमत वाटते, कीव येत नाही. त्यांनी हुशारीनं उमेद ठेवायला असली जागा शोधलीय जिथं निकाल दर वर्षी लागतोच. साहेबाची सही लागत नाही, तारीख पडत नाही, आणि किती कमी पडलो ते धावांत सांगतात. टोरंटोवाल्यांचा नवा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. सीमावाल्यांचा १ नोव्हेंबरला: बेळगावात काळा दिन, बाकी सगळीकडं राज्योत्सव, दोन्हीकडं झेंडे, दोन्हीकडं घोषणा, आणि मन्नाएखेळ्ळीत सुट्टी म्हणून सकाळपासून टेनिस बॉलच्या मॅचा.